क्यूआर कोड लावताना कोणी प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला होता का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आम्ही बडोद्यातली मराठी मंडळी तुमचा पेपर आता मोबाइलवरच वाचतो, आणि त्यात छोट्या उद्योगांसाठी नवीन योजना आली, टेक्नॉलॉजीला अमुक टक्के सबसिडी अशी बातमी दिसली की दुपारपर्यंत माझा फोन वाजायला लागतो, कारण माझा धंदाच तो, दांडिया बाजारात बसून लहान दुकानदार-कारखानदारांचे हिशेब लिहायचे, जीएसटी भरायचा, बँकेचे कागद करून द्यायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "काका, यात आपल्याला काय मिळेल?" आणि उत्तर देताना मला दरवेळी तीन-चार 'पण' लावावे लागतात. त्या 'पण'बद्दलच हे पत्र आहे. लांब झालंय, कापलंत तरी चालेल, फक्त मधले आकडे तेवढे राहू द्या.

माझं म्हणणं असं, की सरकार पैसे द्यायला तयार असतं हे खरंय, मी काही सरकारला शिव्या घालायला बसलेलो नाही, पण लहान धंदेवाल्याची अडचण पैशाच्या बरीच आधी सुरू होते. कुठलं मशीन घ्यावं, त्याला आपली वीज पुरेल का, चालवणार कोण, बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येणार, आणि हे सगळं दुकानात येऊन, मशीन विकायचा स्वार्थ न ठेवता सांगणारा माणूस जवळजवळ कुठल्याच योजनेत नाही. सबसिडी आहे, माणूस नाही.

आता लहान माणूस नवीन काही घ्यायला घाबरतो, अडाणी आहे, असं जे मोठे लोक भाषणात म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. सुरसागरच्या आजूबाजूला फिरा, मंगळबाजारात जा, खंडेराव मार्केटात भाजी घ्या, शेवउसळच्या लारीपासून, म्हणजे हातगाडीपासून, बांगड्यावाल्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर कोड आहे आणि पैसे आले की डबा गुजरातीत मोठ्याने सांगतो. हे काय तंत्रज्ञान नाही का? आणि यासाठी त्या लारीवाल्याने कुठला फॉर्म भरला होता, कोणाकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला होता, कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या चढला होता? एक पोरगा आला, स्टिकर चिकटवला, याच्याच फोनवर खातं जोडून दिलं, एक रुपया पाठवून दाखवला आणि गेला. डब्याचं महिन्याचं भाडं असेल तर तेसुद्धा हा कुरकुर न करता देतो, कारण सुट्ट्या पैशांची कटकट संपली हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं.

बरं यात सरकार नव्हतं असंही नाही, उलट सरकार चांगलंच होतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून कापला जाणारा एमडीआर शून्य केला, म्हणजे शंभर रुपये आले तर शंभरच खात्यात, आणि मग बँकांनी हे फुकट का करावं म्हणून दरवर्षी केंद्र सरकार बँकांना प्रोत्साहनाची रक्कम देतं, २०२४-२५ साठी अंदाजे १,५०० कोटी मंजूर केले होते, लहान दुकानदाराच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के या हिशेबाने. लारीवाल्याला हे माहीतसुद्धा नाही. माहीत असायची गरजच पडली नाही! पैसे सरकारने दिले, कागदपत्रं बँकांनी आपसात केली आणि ज्याला मदत पोचायची होती त्याच्यापर्यंत ती नुसती सोय बनून पोचली. माझ्या मते लहान धंद्यांसाठी यापेक्षा यशस्वी टेक्नॉलॉजी योजना आपल्याकडे झालेली नाही आणि गंमत म्हणजे तिला कोणी योजना म्हणतच नाही.

आता याच्या शेजारी बाकीच्या योजना ठेवून बघा.

वाडी भागात एक ताई फराळाचा व्यवसाय करतात, नाव देत नाही. भाजणीची चकली, शंकरपाळे, अनारसे, दिवाळीच्या आधी दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नसते आणि माल आता पुण्या-मुंबईला कुरियरने जातो, अमेरिकेतसुद्धा जातो कोणाच्या बॅगेतून. त्यांची तक्रार अशी की चकली पाकिटात पंधरा-वीस दिवसांनी खवट लागते. त्यांना वाटायचं तेल बदलायला पायजे, मग तेल बदललं, भाजणी बदलली, काही फरक नाही. खरं कारण पाकिटातली हवा, तेलातल्या पदार्थाला ऑक्सिजन लागला की तो खवट होणारच, आणि त्यावर उपाय म्हणजे हवा काढून नायट्रोजन भरून पाकीट सील करणं, बाजारातले वेफर्सवाले तेच करतात, पाकीट फुगलेलं असतं ते त्यामुळेच. आता हे त्यांना सांगितलं कोणी, तर मशीन विकणाऱ्याच्या माणसाने, आणि सांगता सांगता त्याने त्यांच्या कामाच्या चौपट मोठ्या मशीनचं कोटेशन हातात ठेवलं. वर म्हणतो, "बेन, सबसिडी मिलेगी ना, चिंता क्यूं करते हो."

सबसिडी खरंच आहे. पीएमएफएमई नावाची योजना, २०२० साली सुरू झाली, अन्नप्रक्रिया करणाऱ्या अगदी छोट्या युनिटसाठी, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचे १० टक्के घालायचे, उरलेलं बँकेचं कर्ज. कागदावर झकास आहे. पण पहिला 'पण', ती कर्जाला जोडलेली आहे, म्हणजे ताईंनी साठवलेल्या पैशातून रोख देऊन लहानसं मशीन घेतलं तर एक रुपया मिळणार नाही, कर्ज काढलं तरच मिळणार. ज्या बाईने आयुष्यात कोणाचं देणं ठेवलं नाही तिला सरकार सांगतंय आधी कर्ज काढ मग मदत करतो. दुसरा 'पण', ती सबसिडी हातात येत नाही, बँकेत वेगळी पडून राहते आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले, युनिट चालू राहिलं, तर मग कर्जात वळती होते. नियम वाईट नाही हो, पैसे घेऊन पळणारे असतात हे मी या धंद्यात भरपूर बघितलंय, पण तीन वर्षांनी वळती होणाऱ्या पैशाच्या भरवशावर आज मोठं मशीन घ्यायला लावणं हे बरोबर नाही. आणि तिसरा 'पण' बँकेचा, लहान कर्जाला मोठ्या कर्जाइतकेच कागद आणि तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे लाख-दोन लाखांच्या केसमध्ये कोणाला फारसा रस नसतो, नाही कोणी म्हणत नाही, फक्त "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात.

या योजनेत एक चांगली सोय आहे, जिल्ह्याला रिसोर्स पर्सन नेमतात, म्हणजे अर्ज भरायला, रिपोर्ट करायला मदत करणारा माणूस, तेही फुकट. वाचून मला बरं वाटलं होतं. पण त्याला मानधन मिळतं ते कर्ज मंजूर झालं की, केसमागे २० हजार, निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे पुढची नोंदणी, ट्रेनिंग वगैरे झाल्यावर. म्हणजे "ताई, तुम्हाला कर्जाची गरज नाही, हे छोटं सीलिंग मशीन पुरेल" असं खरं बोलणाऱ्या रिसोर्स पर्सनच्या हातात काहीच पडत नाही. माणूस चांगला असला तरी त्याच्या पोटाचा हिशेब कुठल्या बाजूला लावलाय ते बघा ना.

अजून एक गोष्ट जी बातम्यांमध्ये कधीच येत नाही ती कंपोझिशनची. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेले बरेच लहान लोक जीएसटीत कंपोझिशन घेतात, एक टक्का भरून मोकळे, रिटर्न सोपं. मीच सुचवतो अनेकांना. पण कंपोझिशनवाल्याला इनपुट क्रेडिट नाही, त्यामुळे मशीनवर भरलेला १८ टक्के जीएसटी मोठ्या कारखान्याला परत मिळतो आणि याच्या अंगावर पडतो. एका हाताने ३५ टक्के द्यायचे, तेही तीन वर्षांनी, आणि दुसऱ्या हाताने १८ टक्के आजच घ्यायचे. लहान माणसाचं मशीन मोठ्या माणसापेक्षा महाग, हा हिशेब दिल्लीत कोणी कागदावर मांडून बघितलाय का देव जाणे.

खाण्याचं सोडा, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत चला. बडोद्याला मोठ्या कंपन्यांची कमी नाही, आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला तर इथे सी-२९५ विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, भारताचे आणि स्पेनचे दोघे पंतप्रधान आले होते, ५६ पैकी ४० विमानं इथे बनणार. अभिमान आहेच. पण त्या मोठ्या कंपन्यांच्या खाली जे जॉबवर्क करणारे हजार-दीड हजार फुटांचे शेड आहेत, जिथे मालक स्वतः लेथवर उभा असतो, त्यांचं काय चाललंय ते बघायला कोणी पंतप्रधान नको, एखादा इंजिनिअर आला तरी पुरे. पूर्वी शाफ्ट, बुश, फ्लँज हातात घेऊन व्हर्नियर लावून काम व्हायचं, आता कंपनी कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रॉइंग मेल करते, दहा मायक्रॉनचा टॉलरन्स मागते, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त चूक चालत नाही, मालाबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट मागते, आणि नाही जमत म्हटलं की ऑर्डर दुसरीकडे. म्हणजे सीएनसी, कॉम्प्युटरवर चालणारा लेथ, घ्यायलाच लागतो, हौस म्हणून नाही.

याच लोकांसाठी पूर्वी एक नेमकी योजना होती, सीएलसीएसएस, २००० साली सुरू झालेली. जुनं मशीन काढून नवीन तंत्रज्ञानाचं घेतलं तर एक कोटीपर्यंतच्या खर्चावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५ लाख. लोकांना माहीत होती, बँकांना माहीत होती, फॉर्म कसा भरायचा हे आम्हाला पाठ झालं होतं. ती ३१ मार्च २०२० ला संपली, नेमकी लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात. नंतर अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी २५ टक्क्यांची चालू ठेवली ते योग्यच केलं, पण बाकीच्या शेडवाल्यांसाठी केंद्राची तशी सरळ योजना परत आली नाही. पीएमईजीपी आहे पण ती मुळात नवीन धंदा काढणाऱ्यांसाठी. जुनं युनिट वाढवायला त्यात दुसरं कर्ज मिळतं, एक कोटीपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के, पण कोणाला, तर ज्याने पहिलं कर्ज पीएमईजीपी किंवा मुद्रासारख्या योजनेतलंच घेतलं होतं त्याला. बापाच्या पैशाने लेथ टाकून तीस वर्षं धंदा केलेल्याला नाही. राज्य सरकारच्या २०२० च्या औद्योगिक धोरणात मुदत कर्जावर सबसिडी होती, व्याजात ७ टक्क्यांपर्यंत सूट होती, ते चांगलं होतं आणि त्याचा फायदा मिळालेले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्याच धोरणात परदेशी पेटंटचं तंत्रज्ञान विकत घ्यायला ६५ टक्के, ५० लाखांपर्यंत मदत होती. आता तुम्हीच सांगा, मकरपुऱ्यातला दोन लेथवाला कुठल्या जर्मन कंपनीचं पेटंट घ्यायला चाललाय?

आणि तो खरंच काय घेतो ते सांगतो. तो राजकोटला जातो आणि सेकंडहँड सीएनसी घेऊन येतो, पाच-सात वर्षं वापरलेला, नवीनच्या निम्म्या किमतीत. शहाणपणाचा निर्णय आहे. पण सेकंडहँड मशीनला सीएलसीएसएसमध्येही सबसिडी नव्हती आणि बँकसुद्धा नाक मुरडते, कारण किंमत खरी किती हे ठरवणार कोण. मग अशा मशीनची तपासणी करून, बॉलस्क्रू किती झिजलाय, अ‍ॅक्युरसी किती राहिली आहे, किंमत किती योग्य, असं सर्टिफिकेट देणारी सरकारमान्य सोय का नाही? गाडी जुनी घेताना माणूस मेकॅनिकला बरोबर नेतो, इथे दहा-बारा लाखांचं मशीन नुसत्या डोळ्यांनी बघून घेतात. ही सोय उभी करायला फार पैसे लागणार नाहीत, आणि मदतीला लायक काय हे 'नवीन मशीन' यावर न ठरवता 'या शेडमध्ये पूर्वी नव्हतं असं तंत्र' यावर ठरवलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

मशीन आलं की पुढचा खेळ ऑपरेटरचा. आयटीआयचा पोरगा आणायचा, त्याला सेटिंग शिकवायचं, प्रोग्राम शिकवायचा, इन्सर्ट, म्हणजे मशीनची कापायची पाती, तोडू द्यायची, आणि सहा महिन्यांत हात बसला की तो सावली गावच्या नाहीतर हालोलच्या मोठ्या कंपनीत. त्याची चूक नाही, तिथे पगार जास्त, बस न्यायला येते, कँटीन आहे. पण मालक परत जुन्या लेथवर, आणि सीएनसीवर ताडपत्री. सबसिडीच्या फाइलमध्ये मात्र 'मशीन बसवले' असा शेरा आणि तपासणीचा फोटो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम इंटर्नशिप आणली, महिना ५,००० रुपये, पण ती देशातल्या टॉप ५०० कंपन्यांत. ज्यांच्याकडे शिकवायला अख्खं डिपार्टमेंट आहे त्यांना पोरं दिली आणि ज्याच्याकडे हाताखाली माणूस नाही त्याला काही नाही. हेच ५,००० रुपये मकरपुऱ्यातल्या शेडमध्ये सहा महिने राहणाऱ्या पोराला दिले असते तर?

मोठ्यांसाठी मात्र दार उघडं होत चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये मशीन घेण्यासाठीच्या १०० कोटींपर्यंतच्या कर्जाला ६० टक्के सरकारी हमी देणारी योजना आली, आणि १ एप्रिल २०२५ पासून एमएसएमईची, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची व्याख्याच वाढवली, आता अडीच कोटी गुंतवणूक आणि दहा कोटी उलाढालीपर्यंतचा 'सूक्ष्म', १२५ कोटी गुंतवणुकीपर्यंतचा 'मध्यम'. त्यामुळे बातमीत "एमएसएमईला लाभ" वाचलं की आमच्या ताई आणि सव्वाशे कोटींचा प्लांट एकाच ओळीत उभे असतात. आकडे मोठे दिसतात ते कसे, ते यावरून समजा.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये लहान धंद्यांसाठी एक योजना काढली होती, सॉफ्टवेअर घ्या, निम्मे पैसे सरकार देईल, ५,००० पौंडांपर्यंत. तीन वर्षांत लाखभर धंदे घेतील असा अंदाज. पण ठरावीक सॉफ्टवेअर, ठरावीक विक्रेते, अटी भरपूर, शेवटी प्रत्यक्षात कूपन वापरणारे हजाराच्या आतच निघाले आणि वर्षभरात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, योजना बंद. तिकडे तर भाषेचीही अडचण नव्हती.

भाषेवरून आठवलं, आणि इथे आम्हा बडोदेकरांना थोडं बोलायचा हक्क आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच गावात कलाभवन काढलं, माझ्या बसायच्या जागेपासून जवळच, आता तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. प्रमुख होते प्रो. त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे. त्या काळात रंगकाम, यंत्रकाम, ड्रॉइंग शिकवायचं आणि ते इंग्रजीत नाही, गुजरातीत, कारण ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने मागे राहावं हे गज्जरांना मान्य नव्हतं. पुस्तकं नव्हती तर ती देशी भाषेत तयार करवून घेतली. आपले दादासाहेब फाळकेसुद्धा इथलेच विद्यार्थी. आणि याचं फळ काय, तर १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी मिळून अलेंबिक काढली, आधी माणसं तयार झाली, मग कारखाना. पुढच्याच वर्षी १९०८ मध्ये महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा. मला हा क्रम फार आवडतो, आधी शिकवणारा, मग कारखाना, मग बँक. आत्ताच्या योजना बँकेपासून सुरू होतात आणि शिकवणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर बजेट संपलेलं असतं. आजही मशीनचं मॅन्युअल उघडलं तर इंग्रजीत नाहीतर चिनीत, आणि पोर्टलवरच्या सूचना अशा इंग्रजीत की मला दोनदा वाचाव्या लागतात.

महाराजांचं सोडा, कोणी म्हणेल ते दिवस गेले. मकरपुऱ्यातच ईआरडीए आहे, १९७४ ची संस्था, ट्रान्सफॉर्मर, केबल, मीटर, स्विचगियर यांची टेस्टिंग तिथे होते. बडोद्यात विजेच्या सामानाचे एवढे लहान-मोठे कारखाने टिकले त्यात या लॅबचा वाटा आहे, कारण दहा माणसांच्या कारखान्याला स्वतःची हाय व्होल्टेज लॅब कधीच परवडणार नव्हती, इथे फी भरली की तोच रिपोर्ट मिळतो जो मोठ्या कंपनीला मिळतो. गावातल्या दूध मंडळीत दोन म्हशीवाल्या बाईचं दूध इलेक्ट्रॉनिक मशीनवर फॅट बघून घेतलं जातं आणि चिठ्ठी तिच्या हातात येते, ते मशीन तिने विकत घेतलंय का? मंडळीचं आहे. मग मोजमापाचं सीएमएम मशीन, लेझर कटिंग, थ्रीडी प्रिंटर, आणि ताईंसाठी नायट्रोजन पॅकिंगची लाइन, हे तासावर भाड्याने मिळेल अशी जागा का नसावी? केंद्राच्या क्लस्टर योजनेत अशा सामायिक केंद्राला मोठा हिस्सा अनुदान मिळतंच, पण त्यासाठी आधी उद्योजकांनी मिळून एसपीव्ही नावाची कंपनी काढायची, जागा दाखवायची, कोट्यवधींचा प्रकल्प मांडायचा. जो माणूस सकाळी आठ ते रात्री नऊ लेथवर आहे तो वीस जणांना गोळा करून कंपनी कधी काढणार? ही जबाबदारी जीआयडीसीने, विद्यापीठाने किंवा पॉलिटेक्निकने घ्यायला हवी, मशीन त्यांच्या आवारात ठेवा, संध्याकाळी आणि रविवारी आम्हाला वापरू द्या.

न्याय म्हणून एका योजनेचं कौतुक करायला पायजे, लीन नावाची, मार्च २०२३ मध्ये नव्याने आली. त्यात सल्लागार तुमच्या कारखान्यात येऊन मालाची ठेवण, वाया जाणारा वेळ, रिजेक्शन हे सगळं बघतो आणि त्याच्या फीचे ९० टक्के सरकार भरतं. हे बरोबर दिशेचं पाऊल आहे, कारण इथे पैसा मशीनला नाही, माणसाला जातो. पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी नाव माझ्याकडूनच ऐकलं. त्यांना गुणवत्तेचं झेड सर्टिफिकेट माहीत असतं, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट, कारण त्याचे एजंट फिरतात. फ्रेम करून भिंतीवर लावतात, ड्रॉइंगचा प्रश्न तिथल्या तिथेच. एआयबद्दल तर मी काही बोलत नाही, केंद्राने मार्च २०२४ मध्ये त्याला १०,३०० कोटींच्या वर मंजूर केले, करू देत, पण माझ्याकडे अजून अशी दुकानं आहेत ज्यांचा स्टॉक मालकाच्या डोक्यात आणि उधारी कॅलेंडरच्या मागे लिहिलेली असते.

माणसं आणायची कुठून असं विचाराल तर बडोद्यात ती सकाळी कमाटीबागेत भेटतात. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी, जुनी आयपीसीएल, मकरपुरा-मांजलपूरच्या कंपन्या, इथून रिटायर झालेले मेंटेनन्सवाले, टूलरूमवाले, क्वालिटीवाले इंजिनिअर आणि फोरमन या गावात भरपूर आहेत, त्यांच्यात मराठी माणसंही खूप, गुजराती आणि मराठी दोन्ही येतं, हात अजून चांगला आहे आणि दुपारी करायला काही नसतं. प्रत्येक औद्योगिक वसाहतीला असे थोडे लोक नेमा, दिवसाचं मानधन द्या, कर्ज मंजूर झालं की नाही याच्याशी त्या मानधनाचा संबंध ठेवू नका, आणि त्यांनी कुठल्याही मशीनवाल्याकडून कमिशन घेतलं तर काढून टाका. बरोबर शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी द्या, तोही शिकेल. पाच-सात हजारांचं सॉफ्टवेअर किंवा चाळीस हजारांचं सीलिंग मशीन असेल तर कर्जाची अट काढा, विक्रेत्याच्या बिलातच सूट द्या आणि विक्रेत्याने ती सरकारकडून वसूल करावी, यूपीआयमध्ये बँकांनी केलंच ना. यात लबाडी होईल म्हणतील, होईल थोडी, जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं सरकारला पोर्टलवर दिसतायत, पकडायची तर तिथे पकडा.

आणि संपादक साहेब, एक काम तुमच्याकडे. योजनेची बातमी छापताना मंत्र्यांचा फोटो थोडा लहान झाला तरी चालेल, पण चार गोष्टी जरूर छापत जा: कर्ज घ्यावंच लागतं का, सबसिडी हातात कधी पडते, सेकंडहँड मशीन चालतं का, आणि चौकशी करायची तर जिल्ह्यात कुठल्या ऑफिसात कुठल्या टेबलावर जायचं.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे